परकारानं काढलेलं तळं

नकाशा कोणी धरायचा यावरून विमान जमिनीवर असतानाच बाप-लेकीची पहिली खडाजंगी झाली.

"बाबा, तो माझ्या मांडीवर असू द्या. मला सवय आहे," लेक म्हणाली. तिला विमान चालवायचा परवाना मिळून जेमतेम आठ दिवस झाले होते आणि बाबा हे तिचे पहिलेच प्रवासी होते.

"तू गाडी हाक. नकाशा मी बघतो," मास्तर म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. याच लेकीला त्यांनी नववीत भूगोलात नापास केलं होतं आणि वर घरी येऊन तिची समजूतही काढली नव्हती. तिच्या हातात नकाशा देऊन आपण आभाळात जायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

दोन माणसांचं ते चिमुकलं विमान उडालं. दक्षिणेला तासाभरावर एका छोट्या धावपट्टीजवळ मास्तरांची बहीण राहत होती. तिच्याकडे जेवून संध्याकाळच्या आत परतायचं, एवढाच बेत होता. मास्तरांनी नकाशा उलगडला. तो चादरीएवढा निघाला. एक कोपरा लेकीच्या नाकासमोर, दुसरा खिडकीच्या काचेवर.

"बाबा, मला पुढचं दिसत नाहीये!"

"दिसेल, दिसेल. घडी घालतोय ना!"

घडी घालून झाल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला. लेकीनं पेन्सिलीनं आखलेली रेघ नकाशात वरून खाली जात होती आणि तिच्या उजव्या हाताला एक नदी होती. मास्तरांनी खाली डोकावून पाहिलं. नदी डावीकडे!

"ठमे, चुकलीस! नदी उजवीकडे पाहिजे. डावीकडे वळ आणि नदी ओलांड."

"असं कसं होईल? मी होकायंत्र बघूनच चाललेय."

"नकाशा कोणाकडे आहे?"

हा आवाज लेकीच्या ओळखीचा होता. त्या आवाजापुढे अख्खा वर्ग चळाचळा कापायचा. परवाना वगैरे सगळं विसरून तिचे हात आपोआप डावीकडे वळले. विमानानं नदी ओलांडली. आता नदी उजव्या हाताला आली आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"आता पुढे पिवळं पठार लागेल," ते म्हणाले.

पुढे लागलं ते दाट वस्तीचं गाव. छपरं, रस्ते, पाण्याच्या टाक्या.

"या नकाशात पिवळं म्हणजे गाव असतं, बाबा. रात्री वरून दिव्यांचा उजेड दिसतो ना, तसं."

"गाव पिवळं?" मास्तर दुखावले. "पोरांना काय वाट्टेल ते शिकवतात हल्ली! बरं, पाणी तरी निळंच ठेवलंय. हे बघ, आता नदीपलीकडे मोठं तळं दिसेल."

"तळं? या भागात कुठेच तळं नाहीये."

"आहे! चांगलं ऐसपैस आहे. अगदी वाटोळं. परकारानं काढल्यासारखं."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, ते तळं नाही! ती मोठ्या विमानतळाची हद्द आहे. विचारल्याशिवाय आत जायचं नसतं!"

"मग निळी कशाला काढली?"

उत्तर द्यायला लेकीला वेळच मिळाला नाही. रेडिओ खरखरला. "नदीच्या पूर्वेकडचं छोटं विमान, आपण कोण? आमच्या हद्दीत काय करताय? नेमके कुठे आहात ते सांगा."

लेकीनं नाव-नंबर सांगितला. मग नकाशा वडिलांच्या हातातून काढून घेतला आणि सरळ उलटा फिरवला.

"अगं, उलटा धरलास! उत्तर वर असते!" मास्तर ओरडले.

"भिंतीवर असते, बाबा. आपण दक्षिणेला चाललोय. जिकडे आपलं तोंड, तिकडे नकाशाचं तोंड. आता बघा, नदी कुठल्या हाताला यायला हवी होती?"

मास्तरांनी पाहिलं. नदी डाव्या हाताला यायला हवी होती. 

लेक खाली बघत होती. रेल्वेचा पूल, पुलाच्या अलीकडे दगडाची खाण. तिनं नकाशावर बोट ठेवलं. "पुलाच्या ईशान्येला आहोत. चूक झाली, माफ करा," ती रेडिओवर म्हणाली.

"लगेच पश्चिमेला वळा. आणि पुन्हा असं झालं तर परवाना विसरा," आवाज म्हणाला.

उरलेली वाट नकाशा लेकीच्याच मांडीवर राहिला.

बहीण कुंपणापाशी ताटकळत उभी होती. "एवढा उशीर? मी तर काळजीनं अर्धी झाले!"

लेक बूट झटकत राहिली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "नकाशा बघणाऱ्याची जरा चूक झाली."

"तरी वाटलंच मला!" बहीण लेकीच्या पाठीत लाडानं धपाटा घालत म्हणाली. "हिचा भूगोल पहिल्यापासून कच्चा!"

मास्तरांना नेमका तेव्हाच जोरदार ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना.

परत निघताना मास्तर मुकाट्यानं आपल्या जागेवर बसले, पट्टा आवळला, हात मांडीवर ठेवले. विमान वर गेल्यावर थोड्या वेळानं त्यांनी लेकीच्या मांडीवरच्या नकाशावर बोट ठेवून हळूच विचारलं, "ठमे, हा मोठा सात आणि त्याच्या खांद्यावरचा बारका दोन, हे काय गं?"

"या चौकटीतली सगळ्यात उंच जागा. सात हजार दोनशे फूट. त्याच्या वरूनच उडायचं."

"अच्छा. आणि हे उलट्या व्हीसारखं?"

"उंच मनोरा. त्याच्या खालच्या टिंबाच्या जागी उभा असतो."

दहा मिनिटं गेली. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि हा सात कसला म्हणालीस?"

"बाबा, आत्ताच सांगितलं ना! लक्ष कुठे होतं तुमचं?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"खिडकीबाहेर," ते म्हणाले.