डागाचा पंचनामा

सासूबाई जेवायला येणार म्हणून जावईबापूंनी ठरवलं, आज टेबल आपणच मांडायचं. बायको आईला आणायला गाडी घेऊन गेली होती. जाताना ‘तू काही करू नकोस, नुसता बस’ असं बजावून गेली होती. पण नुसतं बसायलाही अक्कल लागते, आणि तिथेच तर सगळं अडत होतं.

टेबलावर त्यांनी अंथरला सासूबाईंनी लग्नात दिलेला, स्वतःच्या हातांनी भरलेला पांढरा मलमलीचा टेबलक्लॉथ. त्यावर ठेवली रेड वाइन. बूच काही केल्या निघेना. बाटली पोटाशी धरून त्यांनी दातओठ खाल्ले, तेव्हा बूच निघालं आणि मागोमाग वाइनही. थोडी चष्म्यावर उडाली, बाकीची थेट मधल्या भरलेल्या फुलावर.

दुसरा कोणी फडकं घेऊन धावला असता. पण हे पडले विम्याचे सर्व्हेअर. (पाहणी झाल्याशिवाय नुकसानीला हात लावायचा नाही, हे हाडीमाशी खिळलेलं.) त्यांनी टेप आणून डागाशेजारी धरली आणि चारही बाजूंनी फोटो काढले. पंचनामा झकास झाला. तोवर वाइन मलमलीत मुरून बसली होती.

मग मात्र धाबं दणाणलं. सासूबाईंच्या लेखी ते आधीच धांदरट. आता शिक्कामोर्तबच. त्यांनी फोटो मेहुणीला धाडले, खाली लिहिलं, ‘डाग कसा काढू? आईंना कळू देऊ नकोस, वर्षभर ऐकवतील.’

लगेच उत्तर आलं. ‘चोळू नका. कोऱ्या फडक्याने टिपा. उलट्या बाजूने गार पाणी सोडा, मग मीठ पसरा. गरम पाणी लावलंत तर डाग जन्माचा सोबती.’

गुणाची गं बाई मेहुणी, असं म्हणत त्यांनी टिपलं, पाणी सोडलं, मीठ पसरलं. मीठ गुलाबी झालं की झटकून पुन्हा नवं. डाग चक्क गेला. घाईघाईने इस्त्री फिरवून त्यांनी टेबल पुन्हा मांडलं आणि चेहरा शक्य तितका निरागस केला.

सासूबाई आल्या. फुलावरून हात फिरवला.

“ओलसर लागतंय.”

“हवाच दमट आहे, आई.”

“असेल. मीठ पुरलं का?”

जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “चष्मा पूस आणि फोटो कुठे टाकलेस ते बघ.”

चष्मा पुसल्यावर दिसलं. फोटो घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर होते, आणि उत्तराच्या वर सासूबाईंचं नाव.

“गाडीत बसल्या बसल्या लिहिलं मी,” सासूबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. “आणि वर्षभर कशाला ऐकवू? जेवणापुरतं पुरे.”

मग त्यांनी पर्समधून एक लाळेरं काढलं. “वाटेत धाकटीकडे थांबलो होतो. तिच्या बाळाचं आहे. हे बांधा, जावईबापू, आणि मग वाइन ओता.”

बंद पुरेनात, म्हणून बायकोने मागे सेफ्टी पिन लावली.