खिल्लारे सिस्टरची ओपीडी

गोरेगावची जीप भरत आली होती आणि खिल्लारे सिस्टर ग्यानबाच्या फोनला जागचं हलू देत नव्हत्या.

फोन ओसरीतल्या स्टुलावर, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर उताणा पडला होता. बाजूला ग्यानबा उकिडवा बसलेला. त्याचा एक डोळा जीपवर, एक सिस्टरच्या मनगटावरच्या घड्याळावर.

"सिस्टर, झालं म्हणून राहिला की फोन. जाऊ द्या ना."

"अर्धा घंटा बसायचं. डोस घेऊन लगेच उन्हात न्हाई न्यायाचं."

"यानं ताप येतो का?"

"येतो थोडा. घाबरायचं न्हाई. दुपारपर्यंत उतरतो."

जीप गेली. ग्यानबाचा फोन खरोखरच तापला, आणि दुपारपर्यंत खरोखरच उतरला. तेव्हापासून ग्यानबाची अशी काही श्रद्धा बसली की आता तो वस्तीवरचे चार-पाच फोन पिशवीत घालून महिन्याच्या महिन्याला सेनगावला घेऊन येतो.

डोस म्हणजे अपडेट, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. यशोधराबाई खिल्लारे सेनगावात आणि भोवतालच्या खेड्यांत चौतीस वर्षं नर्स होत्या. तालुक्यातल्या निम्म्या दंडांवर त्यांच्या सुईची खूण आहे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण हात काही स्वस्थ बसेना. टोचायला लेकरं राहिली नाहीत म्हणून त्यांनी फोन आणि लॅपटॉप धरले. येणाऱ्या प्रत्येक यंत्राचं त्या कार्ड करतात, जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. त्यात जन्मतारीख, म्हणजे कधी घेतला ते. मग दिलेले डोस, आणि पुढच्या भेटीची तारीख. माझ्या फोनच्या कार्डावर खाली लाल शाईत लिहिलंय, 'पालक निष्काळजी'.

त्याचं कारण असं, की अपडेटची सूचना आली की मी अकरा महिने 'नंतर आठवण करा' दाबत होतो. हे कळलं तेव्हा सिस्टर माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, तुमी तर शिकलेले. अडाणी माय लेकरू पाठीशी बांधून तीन कोस चालत यायची डोसाला. तुमाला एक बटन दाबायची तकलीफ?"

मी मान खाली घातली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आजकाल आम्ही दिवसभर कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरत असतो आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवतो. अशा माणसाला सिस्टरशी वाकडं घेऊन चालत नाही. शिवाय त्या माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. बायको म्हणते, "तुमचं बीपी बघून या म्हटलं तर फोनचं बघून येता."

सिस्टरची कॉम्प्युटरविद्या सगळी दवाखान्यातून आलेली. रॅम म्हणजे ओपीडीतला बाक. जेवढा लांब तेवढे पेशंट एका वेळी बसणार. स्टोअरेज म्हणजे वॉर्डातल्या खाटा. "खाटा भरल्यावर नवा पेशंट कुठं घेता? आधी जुन्याला डिस्चार्ज द्या. हे गुड मॉर्निंगचे फोटो काहून भरती करून ठिवले?" आणि प्रोसेसर म्हणजे डॉक्टर. कुणी नवा आठ कोरचा फोन मिरवायला आणला, की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "आठ डॉक्टर हायेत, बराबर. पण आठच्या आठ एका टायमाला ड्युटीवर असतेत असं समजू नका. मी चौतीस वर्षं दवाखान्यात काढली."

मागं चार कॅमेरे असलेल्या फोनवर त्यांचा विशेष राग. "चार-चार डोळे लावून राहिले. दोन डोळ्यानं सोयाबीनमधलं तण दिसंना, अन् चार कशाला पायजेत?" एकूणच नव्या फोनबद्दल त्यांचं मत ठरलेलं: "नवा फोन म्हंजे नवा जावई. पहिले सहा म्हैने लई गुणाचा."

माझ्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता, तेव्हा मी तिला आणि सिस्टरना हिंगोलीला घेऊन गेलो. दुकानदार हौशी होता. त्यानं पाटीसारखा एक चपटा लॅपटॉप दोन बोटांवर उचलून दाखवला.

"मॅडम, एकदम स्लिम. वजनच नाही."

"ते दिसून राहिलं. हिमोग्लोबिन किती याचं?"

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. "बॅटरी," मी हळूच सांगितलं.

"अन् एक्सपायरी?"

"मॅडम, लॅपटॉपला एक्सपायरी नसते."

"काहून नसते? कंपनी डोस बंद करते त्या दिवशी एक्सपायरी. किती वर्षं डोस भेटणार ते बिलावर लिहून द्या."

दुकानदारानं आतून थोरल्या भावाला बोलावलं. थोरल्या भावानं चहा मागवला. शेवटी आम्ही एक जाडजूड, पण सिस्टरच्या भाषेत 'अंगानं भरलेला' लॅपटॉप घेऊन परतलो. मुलगी जीपमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण लॅपटॉप आजतागायत शिंकलासुद्धा नाही, हे सांगितलं पाहिजे.

आता एवढ्या जाणत्या बाईचा स्वतःचा लॅपटॉप कसा असेल? तर तिथं सगळं उलटं. त्यांच्या सुगतनं कॉलेजात वापरून टाकून दिलेला, पाट्याएवढा जड. एका बाजूची बिजागरी दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधलेली. चालू करायचं बटन दाबून भात टाकावा, तर आधी भात होतो. त्यांच्याच नियमानं त्याची एक्सपायरी अगदी तोंडावर आली होती. मी एकदा तसं बोललो, तर म्हणाल्या, "म्हातारं माणूस हाय, राहू द्या," आणि विषय बदलला.

दुसरी एक गोष्ट गल्लीला माहीत होती. रविवारी अकरा वाजता सिस्टरची ओपीडी बंद. दार लोटलेलं. बारा-साडेबारापर्यंत कुणाचा फोन विहिरीत पडला तरी त्या उठत नाहीत. मी समजत होतो, ऑनलाइन कोर्स-बिर्स चालू असेल.

सुगत त्यांचा एकुलता एक. चौथीला माझ्या वर्गात होता. वडील लवकर गेले. सिस्टर लसीकरणाला गावोगाव, आणि हा माझ्या घरी दप्तर घेऊन बसलेला. आता बंगळुरूला कंपनीत आहे. गेल्या दिवाळीच्या आधी त्यानं आईला नवा लॅपटॉप पाठवला. खोकं उघडायला सिस्टरनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. काय तो लॅपटॉप! झाकण उघडेपर्यंत चालू. सिस्टरनी घड्याळ लावून पहिला डोस दिला. चार मिनिटांत डोस संपला, ताप नाही, काही नाही.

"वा!" मी म्हणालो.

सिस्टर पडद्याकडं बघत होत्या. "बाकी समदं बराबर हाय सर. पण लई फास्ट हाय."

"फास्ट आहे, ही काय तक्रार झाली?"

त्यांनी लॅपटॉप पुन्हा खोक्यात घातला, खोकं कपाटात ठेवलं आणि म्हणाल्या, "ऑब्झर्व्हेशनला राहू द्या." तीन आठवडे झाले तरी पेशंट कपाटातच. खरं सांगतो, मला मोह झाला. सिस्टरना नकोच असेल तर आपल्या मुलीचा अंगानं भरलेला त्यांना द्यावा आणि हा सडपातळ आपण घ्यावा, असा हिशोब मी मनात मांडायला लागलो होतो.

आणि मग एका रविवारी शाळेतून निरोप आला, की पटाची माहिती एकच्या आत भरा. माझा फोन पहिल्याच पानावर आडवा झाला. घड्याळात साडेअकरा. ओपीडी बंद. पण नोकरीचा प्रश्न होता, म्हणून मी मागच्या दारानं सिस्टरच्या स्वयंपाकघरात शिरलो.

आतून आवाज आला, "बाळा, कॉपी-पेस्ट म्हंजे आधी कॉपी, का आधी पेस्ट रे?"

मी जागीच थांबलो. दोनच दिवसांपूर्वी या बाईंनी आमच्या हेडमास्तरांची उडालेली एक्सेलची फाइल कुठून तरी शोधून जिवंत करून दिली होती.

"आई, मागच्या रविवारी सांगितलं ना?" फोनच्या स्पीकरवर सुगत होता. "आधी कॉपी."

"व्हय का? थांब, लिहून घेते." त्या काहीएक लिहीत नव्हत्या. मांडीवर म्हातारा लॅपटॉप, हनुवटी हातावर.

"लिहिलंस? आता अपडेट कितीवर आलंय बघ."

"बारा टक्के."

"मग वेळ आहे," सुगत म्हणाला, आणि वेळ आहे म्हणून तो बोलायला लागला. खोलीतला जोडीदार लग्न ठरलं म्हणून दुसरीकडं राहायला गेला. एकट्यापुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. वरण परवा करपलं. दोन दिवस डोकं दुखतंय. साहेब सारखा तोडून बोलतो. सिस्टर ऐकत होत्या, आणि मधून मधून फक्त "सतरा," "एकवीस," असं म्हणत होत्या. डोकं दुखण्यावर त्यांनी गोळीसुद्धा सांगितली नाही, कारण मधे बोललं तर तो थांबला असता.

मला बघितल्यावर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आकडा नव्वदच्या पुढं गेला. तेव्हा सिस्टरनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि भिंतीवरच्या वायफायचं बटन बंद केलं.

"बाळा, अडकलं रे."

"असू दे आई. थांबू आपण."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. पटाची माहिती डोक्यातून पार गेली होती.

फोन संपल्यावर सिस्टर माझ्याकडं बघेनात. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सर, 'जेवलास का' म्हणलं तर 'हो' म्हणतंय. 'तब्येत?' 'बरी.' 'ठेवू का?' दीड मिनिट. घड्याळ लावून बघितलं मी. मंग एक दिवस हा लॅपटॉप खरंच बंद पडला, तर पन्नास मिनिटं बोललं लेकरू."

"म्हणून तुम्ही हे सगळं शिकलात?"

"बिघाड ठाऊक असल्याबगर विचारायचं काय? पासवर्ड विसरला म्हंजे पंधरा मिनिटं. प्रिंटर म्हंजे वीस. अपडेट अडकला म्हंजे घंटा." त्यांनी कपाटाकडं बघितलं. "अन् हा नवा चार मिनिटांत मोकळा. त्यातून म्हणतंय, आई, आता तुला फोन करायची गरजच न्हाई. मी इथूनच तुझा लॅपटॉप बघत जाईन."

आपण या बाईच्या लॅपटॉपवर डोळा ठेवून होतो, याची लाज वाटली. मी काही बोलायच्या आत सिस्टरनी माझा फोन ओढून घेतला, पटाची माहिती दोन मिनिटांत भरली आणि म्हणाल्या, "जावा आता. अन् कार्ड घेऊन येत जा."

बुधवारी शाळा सुटल्यावर मला सुगतचा फोन आला.

"सर, आई नवा लॅपटॉप वापरतच नाही. जमत नाही म्हणते. पण गल्लीतले तर सांगतात, तिला सगळं येतं. मी इथून परस्पर माझ्या कॉम्प्युटरला जोडून टाकू का तिचा लॅपटॉप? तुम्ही खरं काय ते सांगा."

या पोराला 'नेहमी खरे बोलावे' मीच पाटीवर गिरवायला लावलं होतं. पण मास्तरकीत मी आणखी एक गोष्ट शिकलोय. हुशार पोराकडं मास्तर ढुंकून बघत नाही. त्याला येतंच, त्याच्याशी काय बोलायचं? सगळा वेळ जातो तो ज्याला येत नाही त्याच्यापाशी. सिस्टर लॅपटॉपचा वेग मोजत बसल्या होत्या. लॅपटॉप कितीही पळू दे, शिकणारा मंद असला की काम झालं.

"सुगत," मी घसा साफ केला, "स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. तुझ्या आईला काही म्हणजे काही येत नाही."

"पण गल्लीतले—"

"गल्लीतल्यांना काय अक्कल? परवा मला विचारत होत्या, या माऊसचं शेपूट कुठं गेलं. नव्या लॅपटॉपचं तर त्यांना बटन सापडत नाही. तू परस्पर जोडलास तर आणखी घाबरतील. इथं शिकवायला कुणाला सवड नाही. तूच शिकव, पहिल्या धड्यापासून. हळू शिकव. ओरडू नकोस."

"मग रविवारचा एक तास पुरणार नाही, सर."

"कसला पुरतोय!"

"मधे बुधवारी पण करत जाईन. आजपासूनच करतो." मग तो जरा हळू बोलला, "तसंही रूमवर आल्यावर कुणी नसतं बोलायला."

फोन ठेवला आणि चपला न घालताच मी शेजारी गेलो. सिस्टर ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"सिस्टर, मी तुमची पार बदनामी करून आलोय," म्हणालो, आणि झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. माऊसच्या शेपटासकट. त्या ऐकत होत्या. मेथीची काडी हातात तशीच.

"आज करतो म्हणला? बुधवारी?"

"आजच. आणि नवा लॅपटॉप समोर घेऊन बसायचं. पण खबरदार, काही येता कामा नये."

"अन् समदं शिकायला किती दिवस लागतील म्हणला?"

"ते मी सांगतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतका मठ्ठ विद्यार्थी मी बघितला नाही. चार-पाच वर्षं कुठं गेली नाहीत."

सिस्टर हसल्या. पदर डोळ्यांना लावला, पुन्हा हसल्या, पुन्हा लावला.

"लागू द्या सर," त्या म्हणाल्या. "लागू द्या."