पेशीचं फिनिशिंग

डीएनए मी कुणालाही समजावू शकतो. कुणालाही! वस्तीजवळच्या शिवमंदिराच्या मागे मी एकदा तो एका बकरीला समजावला होता. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग नोट्स खाल्ल्या.

म्हणून २००६च्या जूनमध्ये उल्हासनगरच्या एका कॉलेजातून लेक्चररच्या मुलाखतीचा कॉल आला, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "आई, पोस्ट आपलीच! ठेव तो कटर खाली."

आमची आई शालन आमच्या बुवापाडा वस्तीत घरी बसून धागा कटिंग करते. कारखान्यातून जीन्स पँटींचे गठ्ठे येतात, आई त्यांचे लोंबते धागे कापते; कारखान्याच्या भाषेत फिनिशिंग. सोबतीला शेजारची शीलामावशी. बारा वर्षांत आईच्या अंगठ्याची टाच झालीय.

"आधी मिळू दे," कटर न ठेवता आई म्हणाली. एम.एस्सी. झाल्यापासून दोन वर्षांतली ही माझी तिसरी मुलाखत होती.

डेमोसाठी मी मॉडेल बनवलं. शिलाई मशीनच्या आठ रिकाम्या बॉबिनी आणि त्यांच्यावर गुंडाळलेला एकच लांबलचक नारंगी धागा. बॉबिनी म्हणजे प्रथिनं, धागा म्हणजे डीएनए. धागा घट्ट गुंडाळला तिथली जनुकं बंद, पेशीला ती वाचताच येत नाहीत. सैल सोडला तिथली चालू. डोळ्याची पेशी घ्या, लिव्हरची घ्या, धागा तोच. फरक एवढाच, की कुठे काय सैल सोडलंय! माझी पेशी स्वादुपिंडाची होती, म्हणून इन्सुलिनच्या जनुकाचा हातभर धागा मी मोकळा लोंबत ठेवला. सगळा डेमो त्या लोंबण्यावर होता.

मुलाखतीच्या सकाळी मॉडेल खाटेवर ठेवून मी शर्ट इस्त्रीवाल्याकडून आणायला गेलो. परत आलो तर ते कापडी थैलीत भरून तयार!

"नीट पॅक केलंय हो," शीलामावशी कौतुकाने म्हणाली. मला भरून आलं. थैली न उघडता मी रिक्षा धरली.

कॉलेजात तिघांच्या पॅनलसमोर थैली उघडली. आत प्लॅस्टिकची पिशवी, वर स्टिकर: साइज ३४. पिशवीत माझी पेशी. घट्ट, चकचकीत, एक धागा लोंबत असेल तर शपथ!

विभागप्रमुख मॅडमनी चष्मा सारखा केला. "इन्सुलिनचं जनुक कुठाय?"

मी पिशवी झटकली. "मॅडम, ते... फिनिशिंगमध्ये गेलं."

"आणि चौतीस काय?"

"स्वादुपिंडाचा घेर."

"अहो, इथे तर सगळंच बंद आहे. मग ही पेशी करते काय?"

"सध्या बेकार आहे, मॅडम."

"मी पेशीबद्दल विचारलं," मॅडम म्हणाल्या.

एक वाजता मी घरी.

"आई, लोंबता धागा कापलास?"

"मग काय तसाच पाठवू? लोंबता धागा दिसला की पीस रिजेक्ट होतो!"

"तो कापला म्हणूनच मी रिजेक्ट झालो!"

आईचा कटर थांबला. "ते काय आहे, हे सांगायला तोंड नव्हतं तुला?"

बकरीला सांगितलं होतं. आईला राहून गेलं होतं. मग सांगितलं. घट्ट ते बंद, सैल ते चालू. दोन मिनिटं ती ऐकत राहिली. मग तिने पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं.

"म्हणजे तुझ्या डिग्रीसारखं. प्लॅस्टिकमध्ये, वरून माझ्या साडीत गुंडाळलेली. आहे, पण चालू नाही."

एवढा स्वच्छ डेमो मला दोन वर्षांत जमला नव्हता. मॅडमनी आईला घेतलं असतं.

"बस," तिने दुसरा कटर माझ्यापुढे सरकवला. "गठ्ठा संध्याकाळी द्यायचाय."

बसलो. एम.एस्सी. माणूस, हात साफ! पहिल्याच पँटीचा लोंबता धागा ऐटीत धरला, ओढला, कापला.

खिसा गळून मांडीवर पडला.

शीलामावशीने तो उचलला, उलटसुलट पाहिला. "शालन, याला पोरांना शिकवायला घेणार होते?"

आईने पँट माझ्या हातातून काढून घेतली आणि रिजेक्टच्या ढिगावर टाकली. मीही त्याच बाजूला सरकून बसलो. तिथे जागा होती.