उष्टावणानंतरचा उपास

नाशिक जिल्ह्यात डोकं असलेली माणसं पुष्कळ आहेत, पण ते चालवायचं म्हणून घराबाहेर पडणारा मी एकटाच. वाल्मीक गायधनी, खासगी गुप्तहेर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी उभी हयात काट्यांवर नजर ठेवण्यात घालवली. काटा थरथरला की काहीतरी गडबड आहे हे मला ताबडतोब कळायचं. कसली गडबड आहे, हे दुसऱ्या कुणाला तरी कळायचं. निवृत्तीनंतर ही नजर गंजू नये म्हणून मी ती समाजाला अर्पण केली. नाक सरळ, कान तिखट, स्मरणशक्ती अफाट. चष्मा कुठे ठेवला एवढंच फक्त सुवर्णाला विचारावं लागतं. सुवर्णा माझी बायको. माझ्या व्यवसायाला ती 'बाहेर जाणं' म्हणते.

गंगापूर रोडवरचं हरवलेल्या चपलेचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. त्यात मी निव्वळ चालण्याच्या ढबीवरून चोर पकडला होता. त्याच्या पायातली चप्पल त्याचीच निघाली ही गोष्ट वेगळी. ढब मी अचूक ओळखली होती.

तर शुक्रवारी सकाळी थेट्यांच्या सुनेचा, प्रतिभाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"काका, पिल्लं जेवत नाहीत."

"किती मुलं आहेत तुला?"

"कोंबडीची पिल्लं, काका!"

मी पायात बूट चढवले. गुन्हा लहान असो वा मोठा, बूट मी तेच घालतो.

थेटे मंडळी गंगापूर रोडच्या पुढे राहतात. एकेकाळी त्यांची गुलाबाची शेती होती. आता शेतावर इमारती उभ्या आहेत, आणि घरामागे ट्रॅक्टरची रिकामी पत्र्याची शेड तेवढी उरली आहे. प्रतिभाला या शेडमध्ये गावरान कोंबड्या पाळायच्या होत्या. त्यासाठी तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. पण तिचे सासरे सावळीराम नाना यांनी जाहीर केलं होतं, "कोंबड्या म्हणजे नुसती घाण. आण तुझी पिल्लं, बघू. धड वाढली तर शेड तुझी. नाहीतर रविवारी मंडपवाला येतोय, त्याच्या खांबांना देऊन टाकतो."

पिल्लं आली, बल्बच्या उबेत तीन आठवडे झकास वाढली, आणि ऐन वेळेला त्यांनी खाद्याकडे पाठ फिरवली. रविवार परवावर आला होता.

मी घटनास्थळी, म्हणजे शेडमध्ये, गेलो. मोठ्या खोक्यात वीस-बावीस पिल्लं होती. वर बल्ब पेटलेला होता. वीज आमच्याकडची, मी लगेच ओळखली. खाद्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कालपासून. काल सकाळी आईंनी त्यांचं उष्टावण केलं, त्यानंतर."

"कुणाचं उष्टावण?"

"मग काय करायचं?" प्रतिभाच्या सासूबाई, आक्काबाई, दारातून म्हणाल्या. "तीन आठवड्यांची झाली लेकरं. जन्मभर तो कोरडा भरडाच खायचा का त्यांनी? हिला सांगितलं, पहिला घास द्यायचा तर रीतीनं द्यावा. तर ही म्हणते, उकडलेलं अंडं कुस्करून देऊ! अगं बाई, पाठच्या भावंडाला खायला घालायचं?"

"प्रशिक्षणात तसंच सांगितलंय, आई."

"प्रशिक्षणवाल्यांना आया नाहीत का?"

शेवटी तांदळाची खीर ठरली. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून प्रतिभाचा भाऊ लहानू खास दिंडोरीहून आला. पिल्लं त्यानेच आणून दिलेली असल्यामुळे मामेपणाचा मान त्याच्याकडेच होता. आक्काबाईंनी पिल्लांना ओवाळलं, लहानूला टोपी आणि नारळ दिला. नवीन पदार्थ बघून पिल्लं आधी कोपऱ्यात जाऊन एकमेकांच्या अंगावर चढली. मग एकाने धीर करून शीत उचललं आणि ते पळालं. बाकीची स्वतःच्या पुढ्यातली खीर सोडून त्याच्या चोचीतल्या शितामागे धावत सुटली.

"मी चवीपुरती चमचाभरच दिली," प्रतिभा म्हणाली. "आणि सोबत बशीत बारीक वाळू ठेवली. त्यांना दात नसतात ना काका, वरचं काही खाल्लं की ते पोटातली वाळूच दळते. सगळं नीट केलं होतं मी. तरी असं का झालं?"

तिचे डोळे भरून आले. मला अशिलाचे अश्रू बघवत नाहीत, म्हणून मी खाद्याची चौकशी हाती घेतली.

माझा तर्क सोपा होता. जे खाल्लं जात नाही ते खाण्यालायक नसतं. शंका पडताळून पाहायला मी चिमूटभर खाद्य तोंडात टाकलं. मग आणखी चिमूटभर. मक्याची चव होती, खमंगपणा होता, वरून फक्त कांदा हवा होता. तासाभरानंतरही मी जिवंत होतो, सबब विषप्रयोगाचा मुद्दा निकालात निघाला.

दुसरा संशय मामावर. मामा हा प्राणी मी पुराणकाळापासून ओळखून आहे. मी लहानूला फोन लावला.

"खिरीत काय होतं?"

"खिरीत खीरच व्हती की."

"तुमचा हेतू काय होता?"

"म्या नुसता चमचा धरला, राव. मला टोपी दिली, नारळ दिला, लय मान केला. भाचरं हायेत माझी. म्या त्यांच्या वाईटावर कशाला उठू? बरी हायेत ना?"

त्याचा आवाज कापरा झाला. गुन्हेगाराचा आवाज असाच कापतो. निरपराध माणसाचाही कापतो, त्यामुळे मुद्दा सुटेना.

तिसरा तर्क मात्र माझा मलाच थक्क करून गेला: उपोषण! पिल्लांच्या काही मागण्या असाव्यात. मी खोक्यापाशी बसून चर्चेचा प्रस्ताव ठेवला. त्यांच्या बाजूने प्रतिसाद आला, पण तो माझ्या बुटावर.

उरला मंडपवाला. शेड रिकामी राहण्यात फायदा कुणाचा? त्याचाच! तो दुपारच्या सामसुमीत येऊन पिल्लांना काहीतरी करत असणार. मी गुंडाळलेल्या ताडपत्रीमागे दबा धरून बसलो.

प्रथम आक्काबाई आल्या. पदराचा ओचा भरलेला होता. खोक्यापाशी वाकल्या, "घ्या ग बायांनो" असं काहीसं पुटपुटल्या आणि मोकळा पदर झटकत गेल्या. माऊलीची माया, मी मनात म्हटलं. मग प्रतिभाचा नवरा योगेश कंपनीत दुपारपाळीला निघण्यापूर्वी डोकावला. त्याचा खिसा फुगलेला होता, जाताना सपाट होता. त्याने टोमॅटोचं देठ कोपऱ्यात फेकलं. कामावर जाणारा माणूस घाईतच असतो. शेवटी खुद्द सावळीराम नाना आले. दोन्ही बाजूंना पाहून घेतलं, टॉवेलखाली काहीतरी झाकलेलं होतं. बराच वेळ खाली बसून उठले आणि बोटं पुसत निघून गेले. वयाच्या मानाने माणूस फार स्वच्छ.

तिघेही घरचेच, म्हणून तिघांनाही मी संशयातून मुक्त केलं आणि मंडपवाल्याची वाट पाहत राहिलो. तो काही आला नाही. मधल्या काळात एक चुणचुणीत पिल्लू ताडपत्रीपाशी आलं. खबऱ्यांशी संबंध चांगले ठेवावे लागतात. माझ्याकडे शेव होती.

शनिवारी सकाळी प्रतिभाचा पुन्हा फोन आला. एक पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात बसलं होतं. मी सर्वांना ओट्यावर बोलावलं. रहस्याचा उलगडा चारचौघांत करायचा असतो. पुरावा म्हणून पिल्लांचं खोकं मध्ये ठेवलं. लहानूही पहिल्या गाडीने आला होता, डोक्यावर मानाची टोपी होती.

"सज्जनहो," मी सुरुवात केली, "गुन्हेगार याच ओट्यावर..."

"अहो, गोळी विसरलात." सुवर्णा पायऱ्या चढून आली, हातात माझी रक्तदाबाची गोळी. "आणि हे काय, बाहेर जाऊन लोकांना उन्हात बसवलंत?"

"सुवर्णा, मी काम करतोय."

"करा की." तिने गोळी माझ्या हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला, आणि माझ्या तोंडात पाणी असेपर्यंत ते मलूल पिल्लू उचलून घेतलं. त्याच्या गळ्याखाली बोट फिरवलं. "याची पिशवी तर दगडासारखी लागतेय. हे कुठे उपाशी आहे? याला अजीर्ण झालंय." तिने आणखी दोन-तीन पिल्लं चाचपली. सगळ्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या टम्म होत्या. "उष्टावण कधी केलं यांचं?"

"परवा," आक्काबाई म्हणाल्या.

"मग बरोबर आहे. आमच्या थोरल्याचं उष्टावण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं दूध सोडलं. डॉक्टर झाले, अंगारा झाला. शेवटी कळलं, घरातला जो तो येता-जाता त्याला बोट चाटवत होता. उष्टावण झालं की सगळ्यांना वाटतं, आता आपलाही हात लागायला हरकत नाही." तिने ओट्यावर नजर फिरवली. "कोण कोण बोट चाटवतंय?"



"मी थोडी बाजरी टाकते," आक्काबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "अन् भाकरीचा चुरा. अन् मेथीचा पाला. थोडंच हं!"

"मी फक्त टोमॅटो," योगेश म्हणाला. "आणि काल अर्धं केळं."

"मला कशाला बघताय?" लहानू म्हणाला. "म्या घास रीतीनं दिला." मग त्याने खिशातून शेंगदाण्याच्या कुटाची पुडी काढून गुपचूप ओट्यावर ठेवली.

"आणि तुम्ही?" सुवर्णाने माझ्याकडे न बघता विचारलं.

"तपासाचा भाग म्हणून," मी म्हणालो, "थोडी शेव."

"तिखट?"

"मध्यम."

प्रतिभा ताडकन उठली. ती रडत होती आणि संतापलेलीही होती. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं! खाद्य बदलून पाहिलं, भांडी चार वेळा घासली. तुम्ही सगळे मला म्हणत होतात, काय झालं गं बाई पिल्लांना! वर वाळूसुद्धा कुणी दिली नाही. मेली असती तर? शेड गेली असती माझी!"

इतक्यात खोक्यातल्या एका पिल्लाने उडी मारली, ओटा ओलांडला, आणि कुणाकडेही न बघता थेट सावळीराम नानांच्या मांडीवर चढून ते त्यांच्या हाताच्या नखातलं काहीतरी टिपू लागलं. त्याच्यामागून दुसरं आलं, मग तिसरं.

"नाना?" प्रतिभा म्हणाली.

नानांनी आकाशाकडे पाहिलं. आकाशात काहीही नव्हतं.

"दहीभात," ते म्हणाले. "बिनमिठाचा. मला काय कळत नाही होय?"

"नाना, तुम्ही तर म्हणाला होतात, कोंबड्या म्हणजे घाण!"

"कोंबड्या घाणच. ही पिल्लं आहेत."

आक्काबाईंनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! आणि वर गुप्तहेर लावलेत!"

प्रतिभाने जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं ते ती करत होतीच: वरचं सगळं बंद, भरपूर पाणी, बारीक वाळू. दिवसभर ती त्या मलूल पिल्लाचा गळा हलक्या हाताने चोळत बसली. शेडच्या दाराशी तिने खुर्ची टाकून स्वतःच्या नवऱ्यालाही आत सोडलं नाही. संध्याकाळी पिल्लू उठून उभं राहिलं आणि त्याने शेजारणीला टोच मारली. मीही तेव्हा तिथेच होतो. सांगायला हरकत नाही, मला भरून आलं.

रविवारी सकाळी खाद्याचं भांडं रिकामं होतं, इतकं की पिल्लं तळ टोचत होती. प्रतिभाने नियम घालून दिला: खाऊ दिवसातून एकदा, तोही खाद्य संपल्यावर, एकाच वाटीत, ती ठरवेल तो, आणि वाळूसकट. नानांनी मुकाट्याने मान हलवली. शेडबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. प्रतिभाही विचारेना. तिचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं.

दहाच्या सुमारास मंडपवाला मोजपट्टी घेऊन आला. "काय नाना, उघडताय ना शेड?" त्याने लांबूनच आरोळी ठोकली.

नाना लगबगीने पुढे गेले आणि शेडच्या दारात आडवा हात लावून उभे राहिले.

"हळू बोल रे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आत्ताच जेवून निजलीत लेकरं."