आधी मामाचं गाव सांग

हिराक्काला अनोळखी नंबरावरून फोन आला, की ती हातातलं काम टाकून ओट्यावर नीट बसती, डोक्यावरचा पदर सारखा करती अन् मंगच फोन उचलती. जनू सोयरीक घिऊन पाव्हनं आल्यात. आमी समदी तसला नंबर दिसला की फोन कापतो. ती म्हनती, "दारात आलेल्याला हाकलायचं न्हाई. आधी इचारायचं, कुनाचा हाय."

हिराक्का आमची शेजारीन. आमचं गाव राहुरीपल्याड, पाटाच्या कडंला. तिला जरा कमी ऐकू येतं, म्हनून फोनचा आवाज कायम मोठा. तिला फोन आला की निम्म्या आळीला आल्यावानी हाय.

कुनी "बँकेतून बोलतोय" म्हनला, की हिचं सुरू. आडनाव काय, गाव कोंचं, बाप काय करतो, अन् शेवटाला मामाचं गाव. आमच्याकडं ही इचारपूस पोरगी दाखवताना हुती. हिराक्का ती समद्या जगाला लावती. तिचा कायदाच हाय, ज्याला मामाचं गाव सांगता येत न्हाई, त्याला आपल्या घरातलं कायबी सांगायचं न्हाई. मंग त्यो फोनवर आलेला आकडा मागू दे, न्हाईतर चहाला साखर किती घालता ते इचारू दे.

एकजन म्हनला, बिल भरलं न्हाई, आज सांजच्याला लाईट तोडनार. ही म्हनली, तोड बाबा, आमची तशीबी जातीच, पन तू कुनाच्यातला? दुसऱ्यानं कंटाळून मधीच फोन ठिवला, तर हिनं उलटा लावला अन् बोलता बोलता उठून जायाची ही कोंची रीत म्हनून त्याला झापला. आता त्यो नंबर हिला लागतच न्हाई. घरमालकिनीला भिऊन चोरानंच आतून कडी घातल्याली मी पहिल्यांदा बगितली.

आता माझं ऐका. मी शाळेच्या भिंतीला फकस्त बाहेरून पाठ टेकल्याली. मला हिंदी येत न्हाई, पन हिंदीत भेता लई चांगलं येतं. मागं मला व्हिडिओवर फोन आला. समोर खाकीतला मोठा साहेब, मागं झेंडा. म्हनला, तुमच्या नावाच्या पारसलात नशेचा गर्द घावलाय, तुमी आता फोनवरच अटकेत हाय. मी जलमात पारसल धाडलं न्हाई. तरी मी उठून सलाम ठोकला.

साहेब म्हनला, एकटं बसा, कुनाला सांगू नका, फोनसमोरनं हलू नका. एकटं कुठं बसनार? गोठ्यात गेलो, पेंडीच्या पोत्याला फोन टेकवला अन् त्याच्यापुढं मांडी घातली. मंगलनं, म्हंजी आमच्या मंडळीनं, जेवायला हाक मारली, तर मी हातानंच खुनावलं, की मी जेलात हाय. ती म्हनली, जेलात जेवान मिळत आसंल, अन् ताट झाकून निगून गेली. साहेबाला लघवीला जाऊ का इचारलं. त्यो म्हनला जावा, पन फोन संगं न्या. नेला.

मंग साहेब मुद्द्यावर आला. पोरीच्या लग्नासाठी ठिवलेलं खात्यातलं समदं तपासनीला धाडायचं, तपासून माघारी मिळनार. मी बोट लावायच्या बेतात हुतो, तेवढ्यात हिराक्का गडवा घिऊन दुधाला आली.

"कुनापुढं रं हात जोडून बसलाय, बबन्या?"

मी कुजबुजलो, पोलिस हायेत. तिनं पोत्यावरचा फोन उचलला अन् तोंडाजवळ धरला.

"साहेब, तुमी कुनाचं? गाव कोंचं?"

साहेब म्हनला, दिल्ली. ही म्हनली, दिल्ली कुनाचंच गाव नसतंय, मामाचं गाव सांगा. साहेब भडकला. बुढीला बी आत टाकीन म्हनला.

"टाक की. पन हितं येऊन टाक. फाट्यावर उतर अन् हिराक्काचं घर इचार, शेंबडं पोर बी दावील. मानूस धरायला मानूस यावा लागतो, मेल्या. फोनातनं कोन कुनाला धरतंय?"

अन् तिनं फोन बंद केला. मी रडकुंडीला आलो. म्हनलं आक्का, आता मला जेल हुनार. ती म्हनली, हुईल तवा हुईल, आधी म्हशीची धार काढ.

असली ही वाघीन. पन परवा दुपारी मी तिच्या ओट्यावर शेंगा फोडाय बसल्तो, तवा तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. ही नीट बसली, पदर सारखा केला. आतून रडका आवाज आला, "आई, मी बोलतोय. आई, मी लई अडचनीत हाय."

हिराक्काला एकच पोरगा, दत्तू. जमीन इकायला आई न्हाई म्हनली, म्हनून भांडून पुन्याला गेला, तवापासून त्याचा फोन न्हाई, की 'आई' म्हनून हाक न्हाई.

आवाज म्हनत हुता, आई, अपघात झालाय, आई, कुनाला सांगू नको, आई, फोनवरून पैसं धाड. मी येड्यावानी आपला फोन काढून तयार हुतो. मी हिराक्काकडं बगितलं, ती फोनकडं बगत हुती. त्यो आई आई करीत ऱ्हायला अन् ही नुसतीच ऐकत ऱ्हायली.

मंग हळूच म्हनली, "बाळा, तुझ्या मामाचं गाव कोंचं?"

त्यो थांबला. म्हनला, आता हे काय इचारती, लवकर कर.

"सांग ना, बाळा."

फोन कट झाला.

मी मांडीवर थाप मारली, आक्का, याला बी लोळवला म्हनलं. तिनं फोन पदरानं पुसला अन् मांडीवर उलटा ठिवला. मी टरफलं सुपात अन् दानं अंगनात टाकत हुतो, ते बी तिनं बगितलं न्हाई.

"जरा उशिरा इचारायला पायजे हुतं," ती म्हनली.