रशीदमामांच्या फ्रेमा

आमच्या वरवंडात कुणाचं जुनं घर पाडायला काढलं, की भंगारवाल्याच्या आधी रशीदमामा हजर. वासे नकोत, पत्रा नको, कौलं तर अजिबात नकोत. "खिडकी तेवढी माझी," असं म्हणून ते खिशातून टेप काढणार आणि घरमालकाचा चहा संपायच्या आत मोजमाप उरकणार. एकदा तर त्यांनी राहत्या घराची खिडकी मोजायला घेतली. आतून म्हातारी ओरडली, "आरं, मी अजून हाय की!"

"हाय तर हाय, आजी. मोजून ठिवतो नुसतं," मामा म्हणाले.

ही खिडकी जाते जर्सीला. आमच्याकडे गावोगाव कबड्डीचे संघ आणि दर वर्षी नवी जर्सी. जुनीनं गाडी पुसायची, ही रीत. मामांना ते बघवत नाही. ते जर्सी मागून आणतात, खिडकीच्या चौकटीत बसवतात आणि ज्याची त्याला भिंतीवर लावायला परत देतात. कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला सगळा जन्म गेला, त्यामुळे फुकटात काय काय मिळतं याचा अनुभव दांडगा. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर जुन्या चादरीचं कापड, खांदे पडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा हँगर. काचेच्या जागी टेबलावर अंथरतात ते पारदर्शक प्लॅस्टिक. कसर लागू नये म्हणून कोपऱ्यात चार लवंगा.

"पाबळची विद्या हाय ही, ताई," असं वर ऐकवायचं. तरुणपणी ते पाबळच्या शाळेत हातकाम शिकले होते. जगात जे काही धड बनलं ते पाबळमुळे, अशी त्यांची समजूत आहे.

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून टाके घालायचं काम माझ्या गळ्यात. टाचणी चालत नाही, गंजते. दोरा नायलॉनचा आणि टाका सैल हवा. जरा घट्ट झाला की लगेच, "ताई, फाशी दिऊ नका तिला." आणि जर्सी धुवायची नाही! घामाची, लाल मातीची, असेल तशी. "धुतली की जर्सी न्हाई, नुसतं फडकं." ब्लाऊज शिवायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून माघारी गेल्यात. माझं गिऱ्हाईक बुडालं ते बुडालं, वर मामा मलाच सांगतात, "ह्यास्नी वासाची किंमत न्हाई."

दुसरा नियम म्हणजे फ्रेममध्ये जर्सीची पाठ दिसली पाहिजे. पुढच्या बाजूला जर्सी देणाऱ्या पुढाऱ्याचा हसरा फोटो असतो. एका घरात तो तसाच लावला होता. सहा महिन्यांत पुढाऱ्यानं पक्ष बदलला आणि घरधन्यानं ती फ्रेम सोफ्यामागं सरकवली. तेव्हापासून मामांचा हट्ट पक्का झाला. "पुढारी बदलतो, नंबर बदलत न्हाई."

हसायला येतं ना? मलाही यायचं. मग मी त्यांच्या घरातली रिकामी फ्रेम बघितली. जुन्या सागवानी खिडकीची, पॉलिश केलेली, आत पांढरं कापड ताणलेलं आणि कापडावर काहीच नाही. कुणी विचारलं तर मामा म्हणतात, "ह्याची यायचीय अजून."

ती साजिदची. त्यांचा एकुलता एक मुलगा, गावच्या संघात चार नंबर घालायचा. कावीळ झाली आणि आठवड्यात गेला. चाळिसाव्या दिवशी शमीमभाभींनी, म्हणजे मामींनी, त्याचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केली आणि गोरगरिबांना वाटून टाकले. त्यात जर्सीही गेली. मामा संध्याकाळी घरी आले तेव्हा दोरीवर काहीच नव्हतं. "माझं पोरगं धुऊन टाकलंस तू," एवढंच ते बोलले. त्यानंतर त्या घरात 'ताट वाढलंय' आणि 'पाणी गेलंय' यापलीकडे बोलणं राहिलं नाही.

"त्याच्या नावानं दिली, ताई," भाभी मला एकदा म्हणाल्या. "नावानं दिलं की त्याला पोचतं. कुणाला दिली त्ये ध्यानात न्हाई. मला तरी कुठं भान व्हतं तवा? आन् ह्यास्नी वाटतं म्या टाकली."

मामा ती जर्सी शोधतच राहिले. हायवेवरच्या गॅरेजमध्ये जाऊन ते पुसायची फडकी उलटीपालटी करतात. एका मेकॅनिकला वाटलं, कुठला तरी साहेब तपासणीला आलाय. त्यानं घाईघाईनं चहा मागवला. मामा चहा पिऊन आले आणि माझ्या दुकानात येऊन बसले. मग म्हणाले, "कुणाच्या गाडीचं आईल पुशीत आसंल का ओ ती?" मी मशीनवरचं पुसायचं फडकं उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

गेल्या बाजाराच्या दिवशी दुपारी मामा दुकानात चादर ताणत बसले होते. कुरकुंभच्या कंपनीतला एक परप्रांती कामगार आला, काटकुळा, पंचविशीतला. अंगात बनियन, हातात जर्सी. "दीदी, कंधा उधड़ गया. अभी कर दीजिए ना, सेकंड शिफ्ट है."

मी खांदा उलटा केला. निळ्या जर्सीवर हिरव्या दोऱ्याची शिवण. दौंडच्या सामन्यात साजिदचा खांदा फाटला होता तेव्हा मीच घातलेली. निळा दोरा संपला होता माझ्याकडचा. मी मामांकडे बघितलं. ते आधीच उठून उभे राहिले होते.

"कहाँ से मिली?" त्यांनी विचारलं.

"एक चाची ने दी थी. नया-नया आया था, ट्रेन में बैग चोरी हो गया था. इस्त्री करके दी थी उन्होंने. बोलीं, बेटे की है, दुआ करना उसके लिए."

"करते हो?"

तो ओशाळला. "रोज़ का बोलूँगा तो झूठ होगा, चाचा. पहनते टाइम याद आता है, तब करता हूँ. नाम नहीं मालूम, तो चाची का बेटा बोल देता हूँ."

मी मामांच्या जागी असते तर ती जर्सी हिसकावून घेतली असती, खोटं कशाला बोलू? मामांनी ती माझ्या हातातून घेतली. पाठीवरच्या आकड्यावरून एकदा तळवा फिरवला आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"साजिद," ते त्याला म्हणाले. "साजिद नाम था उसका." मग माझ्याकडे वळून, "ताई, डबल टीप मारा. दोरा चांगला घ्या."

तो पोरगा जर्सी घालून वडापच्या शेअर जीपमध्ये बसेपर्यंत मामा दारात उभे होते. मग ते सरळ मागच्या अंगणात गेले. भाभी पायरीपाशी सुपात जोंधळे निवडत होत्या. माझ्या मागच्या दारातून मला सगळं दिसत होतं, आणि मी तिथून हलले नाही.

"शमीम, जर्सी घावली."

भाभींचा हात थांबला. "कुठाय?"

"न्हाई आनली. त्यो घालतोय ती. कंपनीतला पोरगा हाय. साजिदसाठी दुवा मागतो म्हनला." मामा पायरीजवळ आले. "पोचतंय गं. तू दिलेलं पोचतंय."

भाभींनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. मग त्यांनी विचारलं, "बसती का त्याला?"

"खांद्यात ढिली हाय. लय बारीक हाय."

"आन् तसाच जाऊ दिला? जेवला का म्हून इचारलं न्हाई?"

"न्हाई इचारलं," मामा म्हणाले, आणि पायरीवर बसून रडायला लागले.

भाभी सूप बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी येऊन टेकल्या. "उद्या घिऊन या त्याला," त्या म्हणाल्या. "मी भाकरी जास्तीच्या टाकते."