तीन माणसं, दहा मेंढरं

आमचे रंगनाथ मास्तर बाजेवरसुद्धा हिशेब केल्याशिवाय बसत नसत. घरी आले की आधी वाकून बाजेची सुतळी दाबून बघायचे. मग विचारायचे, "बसलेत किती? मोठे किती, लेकरं किती?" आकडे मनातल्या मनात मांडून झाले की मगच कडेला जरासे टेकायचे. तोवर माझ्या बायकोच्या हातातला चहा निवून जायचा.

झरीच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. गणिताचं आणि माझं कधी जमलं नाही, पण शेजारच्या वर्गातून ऐकून ऐकून एक गोष्ट मला पाठ झाली होती. दोन आकड्यांची जोडी घ्यायची, अटीत ठेवायची आणि बघायचं. "जोडी हद्दीत बसायलीय का?" हे त्यांचं पालुपद. त्याला लागूनच दुसरं, "क्रम सांभाळा! पहिला तो पहिलाच."

गंमत अशी की क्रम चुकायचा तो मास्तरांचाच. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, आणि उर्दूत पहिलं ते उजवीकडे. राज्य गेलं, शाळा मराठी झाली, मास्तरांनी हाताला नवं वळण लावलं. पण जीव घाबरला की खडू आपसूक उजवीकडून निघायचा. साहेब तपासणीला आले त्या दिवशी तर अख्खा फळा उलटा. आणि मास्तर घाबरलेले नाहीत असा दिवस मला तरी आठवत नाही.

दुधना नदीला पाणी आलं की शाळा सुटल्यावर ते थेट काठावर जायचे. तिथं सखाराम नावाड्याची नाव चालायची. मास्तरांनी तिला अट घालून दिली होती. माणसाचे दोन धरायचे, मेंढराचा एक, आणि बेरीज विसाच्या वर जायची नाही. जोडीत आधी माणसं, मग मेंढरं.

"चार, बारा," सखाराम ओरडायचा.

"आठ नि बारा वीस. हद्दीवर आहे. सोड, पण हळू!"

"पाच, बारा."

"नाही, नाही! दोन मेंढरं उतरव!"

बाजारकरी वैतागायचे. सखाराम म्हणायचा, "मास्तर, तुमी सोता तर कधी नावंत बसत न्हाईत. मग कशाला जीव टांगायलात?"

ते खरंच होतं. मास्तरांना पाण्याची भयंकर धास्ती. बायको गेल्यापासून घरी एकटेच, आणि एकुलती एक लेक कुसुम पलीकडे, जिंतूरच्या बाजूला दिलेली. उन्हाळ्यात नदी आटली की पायी जाऊन तिला भेटून यायचे. पावसाळाभर मात्र या काठावरून त्या काठाकडे बघत राहायचे.

एका आषाढात कुसुम बाळंतपणाला माहेरी येणार होती. आदल्या दिवसापासून मास्तर माझ्या मागे लागले, "तिला एक माणूस धरू का दोन?"

"दीड धरा," मी म्हटलं.

थट्टा त्यांना कळलीच नाही. "दीड? अपूर्णांक कसा चालेल हो?" असं म्हणत ते चिंतेनं निघून गेले.

शेवटी त्यांनी भरपूर जागा मोकळी राहील अशी जोडी काढली. तीन माणसं, दहा मेंढरं. बेरीज सोळाच. पलीकडे सांगायला आपण नसणार, म्हणून जोडी पाटीवर लिहून पाटी सखारामच्या हाती दिली. "याच्यावर एक जीव घ्यायचा नाही," असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काठावर थांबलो. नाव परत फिरलेली दिसली आणि मास्तर बोटांवर माणसं मोजू लागले. नावेत माणसंच माणसं. मधोमध कुसुम, तिच्याभोवती बाजारकऱ्यांची दाटी आणि कोपऱ्यात तीन मेंढरं. पाणी नावेच्या काठाला लागायला आलेलं.

"दहा माणसं, तीन मेंढरं. वीस नि तीन तेवीस," मास्तर पुटपुटले. मग आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाले, "मी उजवीकडून लिहिलं हो."

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी तळहातानं ते दाबून धरलं. "ओरडू नका. ओरडलं की सगळे उभे राहतील."

रोज काठ डोक्यावर घेणारा हा माणूस ओठ मिटून उभा राहिला. कुसुमनं नावेतून हात हलवला. यांनीही हलवला, वर हसलेसुद्धा. दुसऱ्या हाताची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. पोहता मलाही येत नव्हतं.

नाव टेकली. कुसुम सुखरूप उतरली. सखाराम खुशीत म्हणाला, "मास्तर, आज लय सूट दिलीत की! दहा माणसं, तीन मेंढरं. तुमी लिवल्यापरमानं. एक जीव जास्त घेतला न्हाई."

मास्तरांनी पाटी घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि चिखलातच मटकन खाली बसले.

दसरा झाल्यावर कुसुम बाळाला घेऊन सासरी निघाली. नदीला अजून पाणी होतं. नावेत कुसुम, जावई, एक बाजारकरी आणि आपली मेंढरं घेऊन एक धनगर.

"चार, बारा," सखाराम म्हणाला. "हद्दीवर बसायलंय."

"चार कुठले? पाच."

"त्या तान्ह्याला बी धरायलात व्हय?"

"अख्खं एक माणूस धरायचं. दोन मेंढरं उतरव."

धनगरानं कुरकुरत दोन उतरवली. मास्तरांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, वहाणा हातात घेतल्या. "आणखी दोन उतरव."

"आता आनि का वो?" धनगर चिडला.

"सहा, आठ," मास्तर म्हणाले आणि नावेत चढले.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि डोळे घट्ट मिटले. नाव निघाली. मी उरलेली चार मेंढरं धरून काठावर उभा राहिलो.